परदेशात इंग्रजी शिकवण्यासाठी अर्ज केले, पण उत्तरच येत नाही? बडोद्यातल्या शिक्षकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

एम. एस. युनिव्हर्सिटीतून इंग्रजीत एम.ए., मग बी.एड., मग एखाद्या सीबीएसई शाळेत चार-पाच वर्षं, आणि संध्याकाळी आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या क्लासमध्ये एखादी बॅच. परदेशात शिकवायला जायचं म्हणून अर्ज पाठवणारे बडोद्यातले बरेचसे मराठी शिक्षक साधारण याच वाटेने आलेले असतात. अर्ज जातात आणि पुढे काहीच होत नाही. साधा नकारही येत नाही. रिक्रूटर, म्हणजे शाळांसाठी भरती करणारे, ताकास तूर लागू देत नाहीत, आणि मग माणसाला वाटायला लागतं की आपलं इंग्रजीच कमी पडतंय.

मी इथे मोठ्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि ओळखीतल्या शिक्षकांचे अर्ज तपासून देते. इंग्रजी कच्चं म्हणून अर्ज अडकलाय असं मला फार क्वचित दिसलं आहे. तुमचं इंग्रजी ऐकायची वेळ येण्याआधीच अर्ज बाजूला पडलेला असतो. घोडं नेमकं कुठे अडलंय ते शोधता येतं, आणि ते कळल्याशिवाय आणखी अर्ज पाठवण्यात अर्थ नाही.

पहिली पायरी: शेवटचा संपर्क कशावर थांबला ते लिहून काढा

एक्सेलमध्ये एक साधा तक्ता करा. देश, संस्थेचं नाव, अर्ज एजंटमार्फत केला की थेट शाळेकडे, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात संपर्क नेमका कोणत्या टप्प्यावर थांबला ते. आतापर्यंतचे सगळे अर्ज आठवून, मेलबॉक्स चाळून त्यात भरा. स्पॅमचा फोल्डरही बघा. तिथे पडून राहिलेली उत्तरं मी बघितली आहेत.

आता तो शेवटचा रकाना वाचा. फॉर्म भरल्यावर फक्त आपोआप येणारी पोच आली असेल, तर बहुधा फॉर्ममधल्याच एखाद्या प्रश्नावर तुम्ही गळलात: राष्ट्रीयत्व, अनुभवाची वर्षं किंवा शिक्षक म्हणून पात्रता. रिक्रूटरने उत्साहाने लिहिलं, पासपोर्टची प्रत मागवली आणि मग गप्प झाला, तर कारण व्हिसाचं आहे. कागदपत्रं मागितली आणि तुम्हाला ती द्यायला तीन आठवडे लागले, तर जागा भरून गेली. मुलाखत होऊन शांतता झाली, तर डेमो, म्हणजे शिकवून दाखवलेला नमुना पाठ, किंवा संदर्भ देणाऱ्यांकडे बघावं लागेल. या चारही ठिकाणचे उपाय अगदी वेगळे आहेत. राष्ट्रीयत्वामुळे गळलेला माणूस सीव्हीचा फॉन्ट बदलत बसला तर त्याचे महिने फुकट जातात.

रिक्रूटर उत्तर का देत नाही हेही समजून घ्या. त्याला पैसे शाळा देते, आणि तेही शिक्षक रुजू झाल्यावर. ज्याचा व्हिसा नक्की होईल, ज्याची कागदं तयार आहेत, त्याच्यावरच तो वेळ घालतो. बाकीच्यांना नकार कळवण्याचं काम त्याला कोणी दिलेलं नसतं. शिवाय काही जाहिराती प्रत्यक्ष जागेसाठी नसतातच. पुढच्या हंगामासाठी नावं गोळा करायला त्या वर्षभर तशाच ठेवलेल्या असतात.

दुसरी पायरी: भारतीय पासपोर्टवर कुठे काय चालतं

अर्ज करण्याआधी लोक जो अभ्यास करत नाहीत तो हाच. या जाहिरातींमध्ये ‘नेटिव्ह स्पीकर’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला, असं लिहिलेलं असतं. काही देशांत ती शाळेची आवड असते, पण काही देशांत ती इमिग्रेशनची अट असते आणि शाळेची कितीही इच्छा असली तरी तिला ती मोडता येत नाही.

दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. तिथे इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत आणि कोरियामध्ये २०१० पासून लागू असलेल्या आर्थिक भागीदारी कराराने भारतीयांसाठी एक छोटी खिडकी उघडली. तिच्यातून सरकारी शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाता येतं, मात्र शिक्षकाची अधिकृत पात्रता लागते. खाजगी क्लासेस, ज्यांना तिकडे हागवॉन म्हणतात, ते या खिडकीत येत नाहीत. आणि नेमक्या हागवॉनच्याच जाहिराती सगळ्यात जास्त दिसतात. आपल्याकडचे शिक्षक तिथे अर्ज करतात आणि वाट बघत बसतात.

चीनमध्येही इंग्रजी भाषा शिकवण्याचं वर्क परमिट साधारणपणे याच देशांच्या नागरिकांना मिळतं. शिवाय २०२१ च्या उन्हाळ्यात चीन सरकारने शाळेबाहेरच्या शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि देशाबाहेर बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांचा बाजार जवळपास संपला. त्याआधीच्या काळातले सल्ले इंटरनेटवर अजून फिरत आहेत. तारीख बघून वाचा.

जपानची अट वेगळ्या प्रकारची आहे आणि आपल्या घरांना ती जास्त लागू पडते. तिथल्या शाळांत शिकवण्याच्या व्हिसासाठी पदवी लागतेच, त्याशिवाय जी भाषा शिकवायची त्या भाषेतून किमान बारा वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. बडोद्यात अनेकांची सुरुवातीची शाळा मराठी किंवा गुजराती माध्यमाची असते. म्हणून वर्षं मांडून बघा. चौथीपर्यंत मराठी माध्यम, पाचवी ते बारावी इंग्रजी माध्यम म्हणजे आठ वर्षं, पुढे इंग्रजीतून बी.ए.ची तीन आणि बी.एड.ची दोन. बेरीज तेरा होते. हे तेरा रिक्रूटरला आपोआप दिसत नाहीत, कारण सीव्हीवर कुणी माध्यम लिहीतच नाही. प्रत्येक टप्प्यापुढे माध्यम लिहा, आणि शाळा-कॉलेजकडून तसं पत्र घेऊन ठेवा. एम. एस. युनिव्हर्सिटीत १९४९ मध्ये स्थापना झाल्यापासून शिक्षणाचं माध्यम इंग्रजी आहे, त्यामुळे निदान कॉलेजच्या वर्षांचं पत्र मिळवणं अवघड नाही.

व्हिएतनाममध्ये दार बरंच उघडं आहे. नेटिव्ह नसलेल्या शिक्षकाला तिथल्या भाषाकेंद्रात शिकवायला पदवी, शिकवण्याचं प्रमाणपत्र आणि सी-१, म्हणजे प्रगत पातळीच्या इंग्रजीचा पुरावा लागतो. आयईएलटीएसमध्ये ही पातळी साधारण ७ बँडपासून सुरू होते. ज्यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांना आयईएलटीएस शिकवलं त्यांनी स्वतः ती परीक्षा दिलेली नसते, हे मी नेहमी बघते. द्या. निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात, म्हणून अर्जाचा हंगाम जवळ आला की द्या. थायलंडमध्ये शाळा नेटिव्ह नसलेल्या शिक्षकांकडे सहसा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ६०० च्या वर गुण मागतात, आणि तिथली शिक्षक परिषद, म्हणजे खुरुसभा, शिकवण्याची परवानगी देते. बी.एड. असेल तर हा मार्ग बराच सोपा होतो.

इंग्लंडबद्दल खूप गैरसमज आहे. फेब्रुवारी २०२३ पासून तिथल्या अधिकृत शिक्षक दर्जासाठी, म्हणजे क्यूटीएससाठी, भारतातले शिक्षकही अर्ज करू शकतात. ही बातमी खरी आहे. पण भारतासारख्या नव्याने जोडलेल्या देशांसाठी ती सोय गणित, विज्ञान आणि परकीय भाषा शिकवणाऱ्यांपुरती होती, आणि त्या परकीय भाषांमध्ये इंग्रजी येत नाही. इंग्रजीचा शिक्षक व्हिसा-स्पॉन्सरशिप मागत तिथल्या शाळांना लिहीत राहिला तर उत्तर येणं कठीणच आहे.

हे सगळं वाचून मन खट्टू होणं साहजिक आहे. चांगलं शिकवणाऱ्या माणसाला फक्त पासपोर्टच्या रंगावरून बाजूला ठेवणं मला अन्याय्य वाटतं, आणि ते मी उघडपणे म्हणते. पण ज्या दाराला कायद्याचं कुलूप आहे तिथे तुमची वर्षं घालवू नका.

तिसरी पायरी: जिथे बी.एड. मोजतात तिथे आधी जा

भारताबाहेर सीबीएसईला जोडलेल्या दोनशेहून अधिक शाळा आहेत आणि त्यातल्या बहुतेक आखातात: युएई, सौदी अरेबिया, ओमान, कतार, कुवेत, बहरीन. या शाळांना तुमचा पासपोर्ट अडचणीचा वाटत नाही. तुमचा सीबीएसईचा अनुभव त्यांना हवाच असतो. नववी-दहावीचं इंग्रजी, मार्किंग स्कीम, अंतर्गत मूल्यमापन हे सगळं माहीत असलेला माणूस त्यांना पहिल्या दिवसापासून वर्गात उभा करता येतो. तिथे मराठी-गुजराती मंडळी भरपूर, त्यामुळे सुरुवातीला राहण्या-जेवणाची सोय लावून देणारं कुणीतरी भेटतं.

पण बी.एड. इथे अनिवार्यच समजा. दुबईत शिक्षकाच्या नेमणुकीला तिथल्या केएचडीए या नियामक संस्थेची मान्यता लागते. नुसत्या एम.ए.वर अर्ज केला तर शाळेला तो पुढे पाठवताच येत नाही.

मालदीवचा विचार आपल्याकडे फारसा कुणी करत नाही. तिथल्या शाळांत भारतीय शिक्षक फार वर्षांपासून शिकवत आले आहेत, इंग्रजीचेही. बेटावरचं आयुष्य एकाकी असतं, शाकाहारी माणसाची खाण्याची आबाळ होते, पण परदेशातला पहिला अनुभव म्हणून ते सीव्हीवर वजनदार दिसतं.

व्हिएतनाम आणि थायलंडसाठी माझा सल्ला असा की एजंटपेक्षा थेट शाळेला लिहा. एजंटांचे ग्राहक बहुतेकदा ‘नेटिव्ह’ चेहराच मागतात. शाळेच्या मुख्याध्यापकाला मात्र वर्ग सांभाळणारा, मध्येच सोडून न जाणारा शिक्षक हवा असतो, आणि त्याच्याशी थेट बोलणं झालं तर भारतीय अनुभवाला किंमत येते.

चौथी पायरी: कागदपत्रं अर्जाच्या आधी तयार

नावापासून सुरुवात करा. गुजरात बोर्डाच्या आणि आपल्या युनिव्हर्सिटीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात जातं. आधारवर तिसरंच काहीतरी. लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर पदवी एका नावाची आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा. दुबईत किंवा बँकॉकमध्ये बसलेल्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. सीव्हीवर, मेलवर आणि फॉर्ममध्ये पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव लिहा, आणि पदवीवरचं नाव वेगळं असेल तर कागदपत्रांच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद लावा. विचारण्याआधीच उत्तर तिथे हवं.

दुसरा कागद अनुभवाच्या दाखल्याचा. ‘यांनी आमच्या शाळेत समाधानकारक काम केले’ एवढ्याने भागत नाही. शाळेच्या लेटरहेडवर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, विषय, इयत्ता, पूर्णवेळ की अर्धवेळ, शाळा कोणत्या बोर्डाची, संलग्नता क्रमांक, मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि शाळेच्या डोमेनचा ईमेल पत्ता हवा. घरगुती ट्यूशनची दहा वर्षं कुणी मोजत नाही, कारण त्याचा पुरावा नाही. आयईएलटीएसच्या क्लासचं तसं नाही. अलकापुरी, सयाजीगंज, फतेगंज भागात असे क्लास ओळीने आहेत; तिथे शिकवत असाल तर नोंदणीकृत संस्थेच्या लेटरहेडवर पत्र घ्या. मोठ्या माणसांना भाषा शिकवण्याचा हा खरा अनुभव आहे आणि भाषाकेंद्रांना शाळेतल्या अनुभवाइतकाच तो उपयोगी वाटतो.

पदवीच्या साक्षांकनाचं काम वेळखाऊ आहे. आधी राज्य सरकारच्या पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून. अपोस्टिल म्हणजे करारातले देश एकमेकांच्या कागदांवर मान्य करतात तो एकच शिक्का; त्या करारात भारत २००५ पासून आहे. सौदी अरेबिया त्यात २०२२ मध्ये आला, ओमान आणि बहरीन सौदीच्या बरेच आधी, त्यामुळे तिथे अपोस्टिल चालतं. युएईसाठी मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. तुमचा देश ठरला की कोणती पद्धत लागते ते बघून पदवी आणि बी.एड. दोन्हीचं काम सुरू करा. ‘कागदपत्रं साक्षांकित, तयार’ हे शब्द मेलमध्ये असले की रिक्रूटर थांबून वाचतो.

पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट मात्र खूप आधी काढू नका. पासपोर्ट सेवा पोर्टलवर ५०० रुपये भरून अपॉइंटमेंट मिळते आणि बडोद्यातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. पण अनेक ठिकाणी सहा महिन्यांपेक्षा जुनं सर्टिफिकेट घेत नाहीत. पासपोर्टवरचा पत्ता मांडवीतल्या जुन्या घराचा आणि राहायला तुम्ही मांजलपुरात, असं असेल तर तो घोळ आताच निस्तरून घ्या, नाहीतर पोलिस पडताळणीत दिवस जातात.

प्रमाणपत्रांबद्दल थोडं. बाजारात टेफलचे, म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचे, स्वस्त कोर्स ढीगभर आहेत. १२० तास ही अट बहुतेक ठिकाणी दिसते, पण घरबसल्या प्रश्न सोडवून मिळालेले १२० तास आणि केंब्रिजच्या सेल्टा या शिक्षक-प्रशिक्षणाच्या कोर्सचे १२० तास यांत फरक आहे. सेल्टामध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक वर्गात बसून बघतो. भाषाकेंद्रांत जायचं असेल आणि पैसे एकदाच घालायचे असतील तर सेल्टावर किंवा ट्रिनिटीच्या तशाच सर्टटिसॉल कोर्सवर घाला. फक्त आखाती सीबीएसई शाळा डोळ्यासमोर असतील तर बी.एड. पुरे आहे, तिथे सेल्टासाठी कर्ज काढू नका.

पाचवी पायरी: बायोडेटा बाजूला ठेवा आणि सीव्ही लिहा

आपल्याकडचा बायोडेटा लग्नाच्या स्थळासाठी चालेल: वडिलांचं नाव, जात, धर्म, उंची, छंद, खाली ‘वरील माहिती खरी आहे’ आणि सही. परदेशी शाळेसाठी यातलं काही लागत नाही. दोन पानं पुरेत. सगळ्यात वर पासपोर्टप्रमाणे नाव, राष्ट्रीयत्व, आत्ता राहता ते शहर, देशाच्या कोडसह फोन, आणि कधीपासून रुजू होऊ शकता ते. राष्ट्रीयत्व लपवू नका. लपवलं तर रिक्रूटर विचारत बसत नाही, पुढचा सीव्ही उघडतो.

अनुभवाचं वर्णन कसं बदलावं ते एका उदाहरणावरून बघा. दांडिया बाजारातल्या एका शिक्षिकेच्या सीव्हीवर लिहिलं होतं की ती मेहनती आहे, समर्पित आहे, तिला शिकवण्याची मनापासून आवड आहे, आणि तिने माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवलं आहे. तिच्याशी बोलून ते असं लिहिलं: इयत्ता सहावी ते आठवी, सीबीएसई, एका वर्गात चाळीस मुलं, आठवड्याला अठ्ठावीस तासिका, घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांसाठी रोज दहा मिनिटांचा बोलण्याचा उपक्रम चालवला, वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढल्या, पालकसभा तीन भाषांत घेतल्या. हे सगळं ती आधीपासून करत होती, तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. चाळीस मुलांचा वर्ग सांभाळणं आणि पालकांशी तीन भाषांत बोलणं हे परदेशातल्या मुख्याध्यापकाला मोलाचं वाटतं.

संदर्भासाठी दोन माणसं द्या, त्यातले एक आत्ताच्या शाळेतले वरिष्ठ. त्यांना आधी विचारा, आणि त्यांचा शाळेचा ईमेल द्या, खाजगी नको. चांगल्या आंतरराष्ट्रीय शाळा मुलांच्या सुरक्षिततेसाठी संदर्भ खरोखर तपासतात, आणि मेलला उत्तर न देणारे मुख्याध्यापक तुमची झालेली मुलाखतही वाया घालवू शकतात.

सहावी पायरी: मेल, आणि तो पाठवायची वेळ

विषयाच्या ओळीत ‘ॲप्लिकेशन फॉर द पोस्ट ऑफ टीचर’ लिहिलं की तुमचा मेल शंभरात हरवला. त्याऐवजी: ‘इंग्लिश टीचर, ग्रेड्स सिक्स टू टेन, बी.एड., सिक्स इयर्स सीबीएसई, अव्हेलेबल एप्रिल’. मेलमध्ये सात-आठ वाक्यं. पहिल्यात कोणत्या जागेसाठी ते, दुसऱ्यात त्या जागेच्या अटी तुम्ही कशा पुऱ्या करता, मग पासपोर्ट, साक्षांकन आणि नोटिस पीरियड. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ काढून टाका. जाहिरातीत नाव असेल तर नावाने लिहा. सगळे कागद एका पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव, आकार लहान. ड्राइव्हची लिंक देत असाल तर दुसऱ्याच्या फोनवरून ती उघडते का बघा. परवानगी मागणारी लिंक कुणी उघडत बसत नाही.

एकच मेल वीस शाळांना एकदम पाठवू नका. तो स्पॅममध्ये जातो आणि नाही गेला तरी कळतं.

वेळेचा भाग लोक अगदीच विसरतात. आखातातल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून त्यांची भरती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जोरात असते. मेमध्ये पाठवलेल्या अर्जाला कोण उत्तर देणार? ब्रिटिश आणि अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि त्यांची निवड वर्षाच्या सुरुवातीलाच चालू होते. थायलंडचं पहिलं सत्र मेच्या मध्यावर आणि दुसरं नोव्हेंबरमध्ये, पण एप्रिलच्या मध्यात सोंगक्रानच्या सुट्टीत सगळं बंद. व्हिएतनामची भाषाकेंद्रं वर्षभर माणसं घेतात, फक्त तेतच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या आसपास कुणी मेल बघत नाही. जपानमध्ये वर्ष एप्रिलपासून.

वारही बघा. सौदी, ओमान, कतार, कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवार कामाचा. तिथे रविवारी सकाळी पाठवलेला मेल वर दिसतो. युएईने जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी केली, तिथे सोमवार धरा. दुबई आपल्या दीड तास मागे, बँकॉक आणि हनोई दीड तास पुढे.

सातवी पायरी: दोन मिनिटांचा व्हिडिओ

स्वतःची ओळख करून देणारा व्हिडिओ सगळेच पाठवतात. तुम्ही शिकवतानाचा पाठवा. तीस सेकंद ओळख, उरलेल्या वेळात एक छोटा मुद्दा शिकवून दाखवा. उदाहरणार्थ ‘यूज्ड टू’. फळ्यावर वाक्य लिहा: ‘माय ग्रँडमदर यूज्ड टू प्ले गरबा एव्हरी नाइट.’ व्याकरणाचा नियम सांगू नका. विचारा: ‘डिड शी प्ले इन द पास्ट?’ थांबा. ‘डज शी प्ले नाऊ?’ थांबा. मग विद्यार्थ्याला त्याच्या आजी-आजोबांबद्दल एक वाक्य करायला सांगा. एवढ्यात बघणाऱ्याला कळतं की तुम्ही बोलणं कमी ठेवता, समजलं का ते तपासता आणि मुलाला बोलतं करता. आपल्याकडे शिक्षक ‘समजलं?’ विचारतो आणि वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. भाषाकेंद्राचे लोक नेमकं तेच टाळणारा माणूस शोधत असतात.

उच्चार अमेरिकन करायचा प्रयत्न करू नका, ते ओढूनताणून वाटतं. स्पष्ट, सावकाश भारतीय इंग्रजी चालतं. एकाच गोष्टीचा सराव करा: ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’. आपण दोन्हीकडे एकच ‘व’ म्हणतो. पहिल्याला ओठांचा चंबू, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठावर. आरशासमोर आठवडाभर केलं की जमतं.

फोन आडवा धरा, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर घ्या आणि रस्त्याचे हॉर्न येणार नाहीत अशी खोली निवडा.

आठवी पायरी: पाठपुरावा

आठ-दहा दिवसांनी त्याच मेलच्या साखळीत तीन ओळींचं स्मरणपत्र. त्यात काहीतरी नवीन द्या: आयईएलटीएसचा निकाल आला, पदवीचं साक्षांकन झालं, नोटिस पीरियड कमी झाला. नुसतं ‘एनी अपडेट?’ विचारू नका. त्यानंतर दोन आठवड्यांनी एकदा शाळेच्या मुख्य नंबरवर फोन करून एचआर विभागाशी बोला. आखातातल्या शाळांत फोन उचलला जातो आणि नाव लक्षात राहतं. तिसऱ्यांदा लिहू नका. तक्त्यात नोंद करून पुढच्या हंगामासाठी ठेवा.

नववी पायरी: फार लवकर आलेल्या उत्तरापासून सांभाळा

महिनोन्‌महिने शांतता सहन केलेल्या माणसाला पहिला गोड मेल आला की तो चटकन विश्वास ठेवतो, आणि फसवणारे याच क्षणाची वाट बघत असतात. मुलाखतीशिवाय ऑफर, व्हॉट्सॲपवरच सगळा व्यवहार, ‘फाइल चार्ज’ आजच भरा, ‘व्हिजिट व्हिसावर या, तिथे वर्क व्हिसा करून देऊ’: यातलं एकही ऐकलं की थांबा. थायलंडमधल्या नोकरीच्या नावाने भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं आणि परराष्ट्र मंत्रालयाला २०२२ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला.

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली सरकारकडे नोंदणी लागते. तुम्ही पदवीधर असल्यामुळे तुमचा पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे परदेशी नोकरीसाठी सरकारी उत्प्रवासन तपासणी न लागणारा, असला तरी एजंटाची ही जबाबदारी सुटत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधा. नोंदणीकृत एजंटही सेवेसाठी ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही, आणि घेतलेल्या पैशाची पावती देणं त्याला बंधनकारक आहे. युएईच्या कायद्यानुसार भरतीचा खर्च मालकाने कामगारावर टाकायचाच नसतो. शंका आली तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा टोल-फ्री क्रमांक आहे. ऑफर लेटर आलं की शाळेच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून फोन करा; पत्रावर छापलेला नंबर लावू नका.

एक पूर्ण हंगाम, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, या पद्धतीने थोड्या पण नेमक्या शाळांना लिहूनही मुलाखत आली नाही, तर तक्ता पुन्हा उघडा आणि सगळ्यात जास्त वेळा जिथे गाडी थांबली तेवढी एकच गोष्ट पुढच्या हंगामाआधी दुरुस्त करा. बी.एड. नसेल तर प्रवेश घ्या. अनुभव दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर सीबीएसई शाळेत आणखी एक वर्ष काढा आणि दहावीचा वर्ग मागून घ्या. भाषेचा पुरावा नसेल तर सप्टेंबरमध्ये परीक्षेची तारीख घ्या, म्हणजे निकाल हातात घेऊन नोव्हेंबरचे अर्ज जातील.